इनामदारबाईंचं चलन

सिग्नल लाल झाला की इनामदारबाई स्कूटर बंद करतात, खाली उतरतात आणि गाडी चक्क डबल स्टँडवर चढवतात. सिग्नल मोठा असला तर तेवढ्यात कमरेचे दोन व्यायामही उरकतात. मागच्यानं हॉर्न वाजवलाच, तर वळून म्हणतात, "अंगात फार ताकद असेल तर उठाबशा काढ."

बाई सत्तरीला टेकल्यात. जन्मभर शाळेत पीटी शिकवली. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. कुणाचं चाक झेब्रा क्रॉसिंगवर आलेलं दिसलं की ती वाजलीच. "मागे घे! रेघ म्हणजे रेघ!" आणि गंमत म्हणजे भलेभले मुकाट्यानं मागे घेतात. एकदा एका लांबलचक गाडीतल्या साहेबांनी काच खाली करून "आपण कोण?" असं विचारलं. बाई म्हणाल्या, "रेघेच्या मागे उभी असलेली बाई. तुम्ही कुठं उभे आहात ते बघा."

मी सदाशिव पेठेत त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो. मी पिवळ्यात गाडी दामटणारा माणूस. ऑफिसला उशीर होत असताना बाईंनी मलाही भर चौकात शिट्टी मारून मागे आणलंय. तेव्हा असा संताप आला होता! पण खरं सांगतो, कुणी बघत नसतानाही रेघेमागे थांबणारं एवढं एकच माणूस मला माहीत आहे, आणि मला त्यांचा भयंकर अभिमान वाटतो.

तर अशा बाईंच्या मोबाइलवर गेल्या महिन्यात चलन आलं. सिग्नल तोडल्याचं!

फोन घेऊन त्या स्वतःच वर आल्या. "सुधीर, यातून दंड कसा भरतात ते दाखव."

मी उसळलोच. "अहो बाई, नंबर चुकीचा वाचला असणार त्यांनी! भरायचा कशाला? तक्रार टाकू."

"नंबर बरोबर आहे. तू भर."

मी चलनावरचा फोटो उघडला. स्कूटर बाईंचीच. दिवा लालभडक. आणि मागे, बाईंच्या खांद्यावर मान टाकून, तळमजल्यावरचे गोखलेकाका!

माझा विश्वासच बसेना. पार्किंगच्या जागेवरून या दोघांचं नऊ वर्षं हाडवैर. रोज सकाळी काका ओरडणार, "अहो, तुमचं चाक चार बोटं माझ्या हद्दीत आलंय!" बाई टेप घेऊन खाली उतरणार. मग अर्धा तास बिल्डिंगमध्ये कुणाची पेपर वाचायची सोय नाही.

"त्या दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं," बाई म्हणाल्या. "घामानं भिजलेले, बोलवेना. दोन रिक्षावाले 'तिकडं नाही' म्हणाले. मग घेतलं मागे. चौकापर्यंत नीट बसले होते. तिथं त्यांनी मान टाकली. त्यानंतर मला दिवा दिसला नाही रे."

काका चार दिवस धायरीला लेकीकडे गेलेत, असं आम्हाला सांगितलं होतं. खरं म्हणजे ते हॉस्पिटलात होते.

"मग तर प्रश्नच मिटला! काकांकडून हॉस्पिटलचा कागद घेऊ, चलन रद्द होईल. चाळीस वर्षं गाडी चालवताय, कधी एक चलन नाही. उगाच डाग कशाला?"

"कागद मागायचा नाही. आणि खाली कुणाला अक्षरही बोलायचं नाहीस."

"पण का?"

"घरी आल्यापासून ते एकदाही भांडलेले नाहीत. परवा मी मुद्दाम गाडी वीतभर आत लावली. तर म्हणाले, 'असू द्या हो, असू द्या.' आता कागद मागितला की उपकाराची आठवण करून दिल्यासारखं होईल. उपकाराखाली दबलेला माणूस भांडत नाही, सुधीर."

"बरंच झालं की मग!"

"काय बरं झालं?" बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा खाली आलेला ऐकला. "दिवसभरात माझ्याशी बोलायला दुसरं येतं कोण?"

मी मुकाट्यानं दंड भरून टाकला.