छकुलीचं कॉलेज आणि बाबांचा पेचकस

"कॉलेज निवडण्यात कसलं आलंय डोकं! मला तिथली लिफ्ट दाखवा, मी कॉलेज कसं आहे ते सांगतो!"

लिफ्टमिस्त्रींनी असं छातीठोक सांगितलं आणि बायकोने कपाळाला हात लावला. प्रश्नच तसा होता. लेकीला दोन इंजिनिअरिंग कॉलेजं मिळत होती. टेकडीवरचं क्रमवारीत एकेचाळिसावं, नदीकाठचं बेचाळिसावं. फी तीच, विषय तेच, वसतिगृहाच्या भिंतींचा आजारी पिवळा रंगसुद्धा तोच! आणि संध्याकाळपर्यंत एक निवडायचं होतं.

लेकीची अट एकच, चार वर्षं बाबा कॉलेजात दिसता कामा नयेत. शाळेची लिफ्ट दुरुस्त करायला आले की मिस्त्री वर्गात डोकावून ओरडायचे, "छकुली, डबा संपवलास का गं?" दहावीपर्यंत अख्खी शाळा तिला छकुली म्हणू लागली होती, मुख्याध्यापिकाबाईंसकट!

"बाबा, नुसतं बघायचं हं. हात लावायचा नाही!" टेकडीवरच्या कॉलेजच्या दारात तिने बजावलं.

"छे गं! हात कशाला लावू?"

लेक चौकशीच्या खिडकीकडे वळली आणि मिस्त्री लिफ्टमध्ये शिरले. सोबत टाय लावलेले एक गृहस्थ होते. चढताना लिफ्ट जराशी कुरकुरली. आता मिस्त्रींना राहवतंय थोडंच! पेचकस काढून त्यांनी बटणांची पट्टी उघडली, एक तार किंचित दाबली मात्र, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध गपकन थांबली. दिवाही गेला!

"अहो, कोणी आहे का?" गृहस्थ अंधारात किंचाळले.

"मी आहे ना. लिफ्टमिस्त्री."

"देवासारखे भेटलात हो!" म्हणत गृहस्थांनी त्यांना मिठीच मारली.

ते प्राचार्य होते. त्या मिठीतून एक हात सोडवून मिस्त्रींनी तार जागेवर बसवली आणि लिफ्ट हलली. "आजपासून आमच्या लिफ्ट तुमच्याकडे! दर सोमवारी यायचं," प्राचार्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. खरं काय घडलं ते सांगायला मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात दार उघडलं.

समोर लेक उभी! प्राचार्यांचं शेवटचं वाक्य तिने बंद दारातूनही ऐकलं होतं.

"ठरलं. मी नदीकाठी जाणार."

मिस्त्रींना वाईट वाटलं. पण निकाल लागला, हेही काही थोडं नव्हतं.

घरी पोचतात तोच फोन वाजला. नदीकाठचे प्राचार्य टेकडीवरच्यांचे सख्खे साडू निघाले! "फार कौतुक ऐकलं तुमचं! आमच्याकडेही या, दर शनिवारी." मिस्त्रींच्या तोंडून "येतो" निघून गेलं आणि लेक मटकन खाली बसली.

"झालं! दोन्ही पुन्हा सारखीच," आई म्हणाली.

"थांब, थांब!" लेक ताडकन उठली. "शनिवारी कॉलेजला सुट्टी असते!" आणि कोणी काही बोलायच्या आत तिने नदीकाठचं कॉलेज निवडून टाकलं.

आता पोर खरंच जाणार, हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं. बराच वेळ ते पेचकस पुसत बसले.

"शनिवार ठीक आहे गं," ते हळूच म्हणाले, "पण मधेच एखादी लिफ्ट बंद पडली, तर वार बघत बसता येत नाही हं!"