भरपगारी भुवया

कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात भगवंत मास्तर सुपरवायझर झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ठरवलं, कारागिरांना जीव लावायचा. म्हणून धर्मराजने सकाळपासून तिसरी चेन वाकडी शिवली तरी ते ओरडले नाहीत. नीट पाहिलं, तर गडी शिवता शिवता डोळे पुसत होता!

"घरी काहीतरी झालंय," मास्तर सुंदराबाईंच्या कानात कुजबुजले. सुंदराबाई शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायला बसत.

"मग इचारा की त्याला!"

"छे, माणूस लाजतो. त्याला आरामच पाहिजे."

आणि दिली दोन दिवसांची भरपगारी रजा. "नको मास्तर, मला इथंच राहू द्या ना!" धर्मराज गयावया करू लागला. केवढी ही कामावरची निष्ठा! मास्तर गहिवरले आणि स्वतः त्याला शेअर रिक्षात कोंबून आले.

धर्मराज परतला तो टोपी पार डोळ्यांपर्यंत ओढून. मास्तरांनी टोपी उचलली. डावी भुवई गायब, उजवीचे मोजून सात केस!

"टेन्शनने केस गळतायत रे तुझे! आणखी चार दिवस घरी बस."

धर्मराजने मशिनीला मिठीच मारली. "पाया पडतो मास्तर, ओव्हरटाइम द्या, पण घरी नका पाठवू!"

आता सुंदराबाई कात्री टाकून उठल्या. "अरे मेल्या, झालंय तरी काय?"

"माझी बायको उमा पार्लरचा कोर्स करते," धर्मराज म्हणाला. "थ्रेडिंगचा हात बसायला रोज माझ्याच भुवया. डोळ्यांचं पाणी काय खळत नाय. कामाच्या दिवशी दहाच मिनिटं करते, पण रजेत दिवसभर!"

"मग सांगायचं ना!" मास्तर म्हणाले.

"तुम्ही विचारलंच कुठं?"

मास्तरांनी टोपी हळूच त्याच्या डोक्यावर परत ठेवली.

"दोनदा नापास झालीय. या खेपेला राहिली तर सोडूनच देणार म्हणते. रविवारी परीक्षा आहे, भुवया करून घ्यायला आपलं माणूस आपणच घेऊन जायचं. माझ्याकडं तर आता काय शिल्लकच नाय, अन् चाळीतल्या बायका तिला बघून कडी लावतात."

सगळ्या मशिनी थांबल्या. सगळ्यांचे हात आपापल्या भुवयांवर.

"माझ्याकडं बघू नका," सुंदराबाई म्हणाल्या. "पुतणीची हळद आहे!"

मास्तरांच्या भुवया म्हणजे दोन पोसलेले सुरवंट. त्यांनी त्यांवरून एकदा मायेनं हात फिरवला. "मीच येतो," ते म्हणाले.

रविवारी दोऱ्याच्या पहिल्याच ओढीला मास्तरांना आईच आठवली.

"मास्तर, हलू नका ना!"

"हलत नाही गं पोरी, फक्त जीव जातोय!"

पण उमाने डावी भुवई अशी काही कोरली की परीक्षकबाई चष्मा सावरून वाकल्या. "वा, काय सुबक हात आहे! पास."

"पास?" मास्तर टुणकन उठले. "मग झालं तर!"

"अहो मास्तर, उजवी राहिली!" उमा हसत, रडत ओरडली. तोवर मास्तर जिना उतरून रस्त्यावर.

तेव्हापासून मास्तर डावीकडून भयंकर संशयी दिसतात आणि उजवीकडून पहिल्यासारखेच प्रेमळ. रजा मागायला आलेला कारागीर अख्ख्या कारखान्याला वळसा घालतो, पण उभा राहतो तो उजवीकडेच.