‘थोर’ खोडणाऱ्या खरात बाई

खरात बाईंना ‘थोर’ हा शब्द दिसला की त्यांचा हात लाल पेन्सिलीकडं जायचा. शब्द कुणाच्या कागदावर आहे, याची त्यांना बिलकुल फिकीर नसायची.

मी तेव्हा जालन्यात मस्तगडला एका छापखान्यात खिळे जुळवायचो. बाई आष्टीच्या शाळेत शिकवायच्या आणि सुटीच्या दिवशी एस.टी.नं येऊन स्वतः लिहिलेली मुलांची पुस्तकं आमच्याकडं छापून घ्यायच्या. इतिहास, कायदा आणि चरित्रं, एवढंच लिहायच्या. त्यांच्या इतिहासात राजा उशिरा यायचा. आधी किल्ल्याचे दगड कुणी वाहिले आणि दुपारी काय खाल्लं, ते यायचं. चरित्राच्या पहिल्याच पानावर तो माणूस कशाला भ्यायचा, ते असायचं.

“जन्मल्या जन्मल्या थोर म्हणलं की पोरगं पुस्तक मिटवतं,” त्या म्हणायच्या. “त्याला वाटतं, हे आपलं काम न्हाई.”

आमचे मालक एकदा सांगत होते, की त्यांचे आजोबा वाघाशी झुंजले होते. बाईंनी प्रुफातून मान वर न काढता पुरावा मागितला. मालक म्हणाले, आजोबांच्या पाठीवर पंजाचे वण होते. पाठीवर असतील तर आजोबा पळत होते, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. मालकांनी पुन्हा त्यांच्यासमोर आजोबा काढले नाहीत.

एकदा माझ्या टेबलावर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ पडलं होतं. बाईंनी बसल्या बसल्या प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधीचं ‘थोर समाजसेवक’ खोडून टाकलं. मला वाटलं, गिऱ्हाइकाचीच दुरुस्ती. पत्रिका तशाच गेल्या. चार दिवसांनी खुद्द पाहुणे छापखान्यात आले, मागोमाग नवरीचे वडील. माझी नोकरी जायची वेळ आली, तेव्हा बाई स्टुलावरून उठल्या आणि खोडणारी मी, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पाहुण्यांनी कारण विचारलं.

“थोर असाल तर गावाला ठावं असंल की. छापायची काय जरूर?”

नवरीच्या वडलांना एकदम खोकला आला आणि ते बाहेर निघून गेले.

मग बाईंनी मुलांसाठी कायद्याचं पुस्तक लिहिलं. त्यातलं एक पान लग्नाच्या वयावर होतं. छपाई चालू असतानाच, शाळांसाठी पुस्तकं निवडणारे एक साहेब आले. पुस्तक त्यांना आवडलं होतं, सगळ्या शाळांत लावायचं म्हणाले. फक्त ते एक पान काढा, गावोगावचे लोक नाराज होतात, आणि लहान मुलांना लग्नाचं कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मालक डोळ्यांनीच बाईंना विनवून राह्यले होते.

“लग्न लहान मुलांचं लावायचं,” बाई म्हणाल्या, “अन् पुस्तक मोठ्यांना द्यायचं व्हय? पान राहील, साहेब.”

साहेब गेले, शाळाही गेल्या. बाईंनी स्वतः पिशवीत पुस्तकं भरून गावं धरली. धावड्याच्या हेडमास्तरांनी वर्गात येऊ दिलं नाही, तर त्या मधल्या सुटीत फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसून पोरांना ते पान वाचून दाखवून आल्या.

उरलेल्या प्रती बांधून झाल्यावर त्या पोचवायला मी आष्टीला गेल्तो. मला वाटायचं, बाई एकट्याच राहतात. ओट्यावर एक बाई तूर निवडत बसली होती. ही माझी धाकटी बहीण सुभद्रा, खरात बाई म्हणाल्या. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेराव्या वर्षी ती माहेरी परत आली, ती बाईंजवळच राहिली. चाळिशीनंतर बाईंनीच तिला वाचायला शिकवलं होतं.

बाईंनी एक प्रत काढली आणि ते पान उघडून तिच्यापुढं धरलं. सुभद्राबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या अक्षराखाली बोट ठेवत वाचायला लागल्या. पुरावा मागणाऱ्या आमच्या बाई परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या उभ्या होत्या.

“आक्का, हा कायदा माझ्या वक्ताला व्हता का?”

“व्हता, सुभे. मला ठावं नव्हतं. मी बी पोरच व्हते.”

सुभद्राबाईंनी पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “भाऊ, लई बारीक छापलं तुम्ही. जरा मोठं छापा.”

पुढच्या आवृत्तीला मी छापखान्यातले सगळ्यात मोठे खिळे काढले. मजकूर एका पानात मावेना. मी बाईंना विचारलं, काय कापू?

बाई म्हणाल्या, “दोन पानं घ्या.”