माझा रिपोर्ट, मेव्हण्याचा मोबाइल

स्वतःच्या तब्येतीची बातमी गुप्त कशी ठेवावी हे शिकायचं असेल, तर खुशाल माझ्याकडे या! कालच मी घरात कुणाला पत्ता लागू न देता लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आलो. शुगर निघाली आणि बायकोला कळलं, तर माझं गोडधोड जन्माचं बंद! म्हणून ठरवलं, रिपोर्ट ॲपवर आधी मी एकट्याने बघायचा.

सकाळी उठल्याउठल्या ॲप उघडलं. 'तुमच्या मोबाइलवर कोड पाठवला आहे.' कुठे? मोबाइल ढिम्म! पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बाल्कनीत गेलो, जिन्यात गेलो, शेवटी खुर्चीवर चढलो. कोड नाहीच!

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. घोट घेतला आणि हादरलो. चहा चक्क गोड! एरवी ही बाई चमच्यातली अर्धी साखर झटकून परत डब्यात टाकते.

"आणखी घालू का हो?" तिने मायेने विचारलं.

इतकी माया कुणावर करतात, हे काय मला कळत नाही? मी येरझाऱ्या घालू लागलो. फोन वाजला. मेव्हणा!

"दाजी, सकाळपासून तुमच्या लॅबचे कोड माझ्याकडे येताहेत. कुणीतरी चोर तुमचं खातं उघडतोय!"

आता आठवलं. मागे माझा पाय मोडला तेव्हा लॅबमध्ये यानेच माझं नाव नोंदवलं होतं, स्वतःच्या नंबरासकट!

"चोर नाही, मीच तो! कोड सांग."

"छे! मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय, कोड कुणालाही सांगू नका."

"अरे, रिपोर्ट माझा आहे!"

"पण मोबाइल माझा आहे ना!"

"तू उघडलास रिपोर्ट?"

"रात्रीच. ताईला पाठवलाय, आईला पाठवलाय. तुम्ही घाबरू नका!"

घाबरू नका म्हणजे संपलंच! मी धावत स्वयंपाकघर गाठलं. "खरं सांग, किती दिवस उरलेत माझे?"

"कसले दिवस? शुगर नॉर्मल आहे तुमची! म्हटलं, बिचारे धास्तावलेत, द्यावा एक दिवस गोड चहा."

हायसं वाटलं, पण चीडही आली. सासूबाईंनीसुद्धा वाचला आणि मी नाही! तसाच लॅबमध्ये गेलो, माझा नंबर घातला, नवा पासवर्ड टाकला. घरी येऊन जाहीर केलं, "यापुढे माझा रिपोर्ट फक्त मी उघडणार! आणि पासवर्ड काय ठेवलाय माहितीये? तुझा वाढदिवस!"

बायको लाजली. "बघू, उघडा."

तिच्यासमोर तारीख टाकली. उघडलं! मी विजयी मुद्रेने वर पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती.

"ही तारीख माझी नाही," ती म्हणाली.

रिपोर्ट आता फक्त मलाच दिसतो. चहा मात्र बिनसाखरेचा मिळतो.