दोन स्क्रीन आणि माझं गोड तोंड

यंदा राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवशी, मी एक साधंसं व्रत घेतलं. ईस्टरपर्यंत नवऱ्याची एकही चूक काढायची नाही. चॉकलेट काय, कुणीही सोडतं. (मागच्या वर्षी मीही सोडलं होतं. चांगलं आठवडाभर.)

व्रत सुरळीत चाललं, कारण माझा नवरा रोमबाउट दिवसभर नगरपालिकेत कामावर असायचा. पण ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात त्याने घरून काम करायचं ठरवलं आणि ऑफिसातून एक काळी डबी न् दोन स्क्रीन उचलून आणले.

"या डबीला स्वतःची अक्कल नसते," त्याने मला समजावलं. "सगळी अक्कल ऑफिसच्या सर्व्हरमध्ये. ही नुसती तारेने त्याला जोडलेली."

"तुम्हा दोघांचं छान जमेल," मी म्हणाले.

त्या दिवशी अकरा वाजता नगरपालिकेत एक लग्न लागायचं होतं. त्याआधी वधूवरांचे कागद शेजारी-शेजारी ठेवून तपासायचं काम रोमबाउटचं. पण माउस उजवीकडे नेला की भिंतीवर आपटल्यासारखा थांबे, आणि डावीकडे नेला की उजव्या स्क्रीनवर उगवे. सर्व्हरच्या लेखी डावा तो उजवा! दोन्ही स्क्रीन उचलून जागा बदलल्या की काम फत्ते, हे मला चुलीपाशी उभ्या-उभ्या दिसत होतं. पण सांगणं म्हणजे चूक काढणं. मी जीभ आवरली आणि अशक्य कामं तडीस नेणाऱ्या संत रीटाला मेणबत्ती लावली.

रोमबाउटने ऑफिसातल्या येरूनला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"येरून, माझ्या डाव्या-उजव्याची अदलाबदल कर रे तिकडून."

"केली, साहेब! ...अरे देवा. अख्ख्या विभागाचीच झाली. काउंटरवरच्या सगळ्या बायका ओरडतायत. थांबा, सगळ्यांचंच परत आधीसारखं करतो."

"वा!" मी म्हणाले. "एका फोनमध्ये सगळ्यांची सेवा! असा माणूस शोधून सापडायचा नाही."

(हे कौतुक होतं. व्रतात कौतुकाला मनाई नाही.)

तो हताश होऊन कॉफी ओतायला गेला, तेवढ्यात मी देवाचं नाव घेऊन स्क्रीनच्या जागा बदलल्या. नेमकं त्याच वेळी येरूनने सर्व्हरवर फक्त आमची डबी शोधून सरळ केली. दोन दुरुस्त्या झाल्या आणि माउस पुन्हा उलटा!

"साहेब, नवरी विचारतेय, लग्न आजच आहे ना?"

"किती निवांत काम करतोस रे," मी रोमबाउटच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "घाई म्हणून नाहीच."

रोमबाउटने एकदा एकमेकींवरून गेलेल्या तारांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. स्क्रीन पुन्हा पहिल्या जागी ठेवले आणि कागद पाठवले. लग्न लागलं.

मी मात्र धास्तावले होते. "रोमबाउट, खरं सांग. माझं व्रत मोडलं नाही ना? मी एका शब्दानेही तुझी चूक काढली नाही."

"नाही काढलीस," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर मी स्पीकर बंद केल्यावर येरूनने हळूच सांगितलं, 'साहेब, घटस्फोटाचे कागद मी घरी आणून देतो. काउंटरवर यायची गरज नाही.'"