‘दोस्त’ म्हटल्याशिवाय आत नाही

आमच्या ग्रामपंचायतीच्या दारात पाऊल टाकलं की आतून तोफ डागल्यासारखा आवाज येतो, "थम! कौन आता है?" यावर "दोस्त" म्हणायचं, मगच आत. मी इथला ग्रामसेवक, माझी खुर्चीच आत; तरी डबा धुवून परत आलो की मलाही दोस्त व्हावं लागतं.

हे आमचे सरपंच, काशिनाथ सुभेदार. उभी हयात सरहद्दीवर गेली, लग्न राहून गेलं. पेन्शन घेऊन आले तेही सरहद्दीवरच, कारण आमचं गाव उमरगा तालुक्याच्या पार टोकाला; शिवार संपलं की कर्नाटक. निवडणुकीत त्यांनी आडत्या शिवअप्पाला पाडलं. शिवअप्पा भांडायला आला, तर दारातच अडकला. बराच वेळ उन्हात तापून शेवटी दात-ओठ खात "दोस्त" म्हणाला. मग भांडणार कसा? चहा पिऊन गेला.

सुभेदारांना वेड एकच, रस्त्याचं. आमचं डांबर हद्दीच्या अलीकडं संपतं, कर्नाटकाचं पलीकडं. मधल्या काळ्या मातीत श्रावणात बैलसुद्धा रुततो. दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडं बोट दाखवून म्हणत, तो तुकडा त्यांचा. सुभेदार छातीवर पदकं लावून दोन्ही कचेऱ्यांत जात आणि बुटाला चिखल घेऊन परत येत.

"एवढा कशाला जीव काढता?" मी एकदा विचारलं.

"भाऊसाहेब, तिकडं बॉर्डरवर म्या लई वर्षं कुणाला येऊ दिलं न्हाय. आता एका माणसाला येऊ द्यायचंय."

तो माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. तिला दिलं पलीकडच्या गावात. नोकरीत नागपंचमीला कधी रजा मिळाली नाही, आणि आता अक्काच्या गुडघ्यांना चिखल झेपत नव्हता. गावभर माहेरवाशिणी झोके घेत, तेव्हा सुभेदार दार लावून बसत. मला फार वाईट वाटायचं.

यंदा त्यांनी श्रमदान पुकारलं. आम्ही चार टाळकी जमलो. तेवढ्यात मुरमाचा ट्रॅक्टर आला आणि वरून शिवअप्पा ओरडला, "दोस्त, दोस्त! आता तरी अडवू नका!" ते बघून पलीकडचेही घमेली घेऊन आले.

पंचमीला त्या रस्त्यावरून पहिली रिक्षा आली. सुभेदार कडक इस्त्रीत हद्दीच्या दगडापाशी उभे.

"थम! कौन आता है?"

रिक्षातून एक म्हातारी वाकली. "तुजी अक्का हाय रं, काश्या. सर बाजूला."

"सुभेदार, दोस्त म्हणली न्हाय की ती!" शिवअप्पा ओरडला.

सुभेदार मुकाट बाजूला सरले. रिक्षाची दांडी धरून, डोळे पुशीत, ते घरापर्यंत सोबत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी मी दारात सवयीनं "दोस्त" म्हटलं. आतून आवाजच नाही. दार सताड उघडं होतं आणि समोरच्या चिंचेखाली आमचे सरपंच अक्काला झोका देत होते.