धाराशिव संघाचे एकमेव प्रेक्षक

आष्टेकर काका फुटबॉलचा सामना बघताना, बसस्थानकावर गाडी पुकारावी तसे खेळाडू पुकारतात.

"धाराशिवचा अकरा नंबर, अकरा नंबर. डाव्या बाजूला जागा रिकामी आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी." हे ते गोलच्या जाळीमागं उभे राहून, दोन्ही हात पाठीमागं बांधून, कसलाही चढउतार नसलेल्या आवाजात म्हणतात आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा एकदा म्हणतात. पहिल्यांदा माणसाला ऐकू येतं, दुसऱ्यांदा कळतं, असा त्यांचा अनुभव आहे. तोवर चेंडू बहुधा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो.

काकांनी एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलं. एवढ्या वर्षांत आपण एकदाही चुकीचा फलाट सांगितला नाही, असं ते सांगतात. मी ज्या दैनिकात काम करतो तिथं या दाव्याची खातरजमा करण्याचं कारण कधी पडलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. माईक कार्यालयात जमा झाला, आवाज त्यांच्याकडं राहिला.

ते स्वतः फुटबॉल कधी खेळलेले नाहीत. ऑफसाइड म्हणजे काय, हे मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हंजे गाडी लागायच्या आधीच माणूस फलाटावर जाऊन उभा राहिला. असंच ना?" मी हो म्हणालो. तेव्हापासून मीही नवीन वाचकांना असंच समजावतो.

धाराशिवच्या संघात दोन गॅरेजवाले, एक कुरिअरवाला, शाळेतला एक शिपाई आणि बाकी कॉलेजची पोरं आहेत. गोलकीपर इरफान पंक्चर काढतो. कप्तान गणेश एका दवाखान्यात कंपाउंडर आहे आणि दुखापतीच्या वेळी त्याचा उपयोग होतो. संघ बाहेरगावी खेळायला जातो तेव्हा त्याच्यासोबत एक प्रेक्षक आणि एक वार्ताहर असतो. वार्ताहर मी. दैनिक प्रवासखर्च देत नाही, संघाची क्रूझर फुकट नेते, म्हणून मी जातो. प्रेक्षक काका. ते का जातात हे कुणी विचारलं नव्हतं.

विचारायला हवं होतं, कारण घरच्या मैदानावरच्या सामन्याला ते येत नाहीत. मैदान त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. "तिथं काय बघायचं? सगळं बघितलेलं हाय," असं ते म्हणतात. बाहेरगावचा सामना असला की मात्र पहाटे सगळ्यांच्या आधी तयार. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत रेक्झिनची बॅग. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची.

वाटेत गाडी थांबली की ते उतरतात आणि चौकशा करतात. हे हॉटेल मागच्या खेपेला बंद होतं, कधी उघडलं? त्या घराला हिरवा रंग कुणी सुचवला? शेवंती काय भावानं? भाव ऐकतात आणि शेवंती घेत नाहीत. नळदुर्गला एकदा त्यांनी पाटी रंगवणाऱ्या माणसाशी वीस मिनिटं गप्पा मारल्या. गणेश वैतागून म्हणाला, "काका, मॅचला चाललोय आपण. जनगणनेला न्हाय."

"दोन मिनिटं उशीर हाय," काका म्हणाले. "गाडी रद्द न्हाय."

ज्या रविवारची ही हकिकत आहे त्या दिवशी आम्ही उमरग्याला चाललो होतो. स्पर्धा बाद पद्धतीची, हंगामातली शेवटची. हरला तो संघ घरी, आणि त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत कुठंही जाणं नाही. खेळाडूंनी हे फारसं मनावर घेतलेलं नव्हतं. दोघं लग्नाच्या हळदीला जाऊन न झोपता आले होते. काकांनी मात्र इरफानच्या गुडघ्याची चौकशी तुळजापूरला केली, जळकोटला केली आणि येणेगूरला पुन्हा केली.

"काका, गुडघा माझा हाय," इरफान म्हणाला. "मला काय झालं न्हाय, तुम्हाला का दुखतंय?"

"आज हरायचं न्हाय," काका म्हणाले. एरवी ते असं कधी बोलत नाहीत.

उमरग्याचं मैदान एका शाळेचं आहे. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला मंडप, मंडपात स्टेज, स्टेजवर पाच खुर्च्या आणि माईकशी एक गुरुजी. गाडी थांबली तेव्हा मधली खुर्ची रिकामी होती, कारण उद्घाटनाला यायचे ते पुढारी अजून निघालेच नव्हते. अशात आमची क्रूझर आली आणि ड्रायव्हरशेजारून पांढऱ्या शर्टातला, काखेत बॅग असलेला, साठी ओलांडलेला माणूस सगळ्यात आधी उतरला. आमच्या भागात गाडीच्या पुढच्या सीटवरून उतरणारा माणूस कुणीतरी असतो. पुढारी आले नाहीत तरी माणूस पाठवलाय, असं संयोजकांनी धरलं. चारजण धावत आले.

पुढचं सगळं तीन मिनिटांत झालं. फेटा, शाल, नारळ, टाळ्या. आम्ही खेळाडूंचे बूट गाडीतून काढत होतो, तोवर काका मधल्या खुर्चीवर बसलेले होते. एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला खतांचे व्यापारी.

"तुम्ही पाहुणे नाही, हे त्यांना का सांगितलं नाही?" मी नंतर काकांना विचारलं.

"कसं सांगू? एकजण डोक्याला गुंडाळत होता, एकजण गळ्यात टाकत होता. माणसानं तोंड कुठनं उघडायचं?"

सामना सुरू झाला. स्टेजवर बसलेल्या माणसानं बाजू घ्यायची नसते, एवढं काकांना कळत होतं. ते हात मांडीवर ठेवून गप्प बसले. इरफान दर दोन मिनिटांनी मागं वळून जाळीकडं बघत होता. तिथं एक कुत्रं होतं. अकरा नंबरच्या डाव्या बाजूला जागा रिकामी होती आणि ते त्याला कुणी सांगत नव्हतं. अर्ध्या तासानं उमरग्यानं गोल केला. व्यापाऱ्यानं टाळ्या वाजवल्या आणि काकांकडं बघितलं. काकांनीही दोन टाळ्या वाजवल्या. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला. स्वतःच्या हातानं शेवटची गाडी सोडून दिलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

मध्यंतराला खेळाडू मोसंबी खात असताना गुरुजी माईकवर म्हणाले, "आता आपले पाहुणे खेळाडूंना दोन शब्द मार्गदर्शन करतील," आणि त्यांनी माईक काकांच्या हातात दिला.

काकांनी माईकवर दोनदा बोट आपटलं. सहा वर्षांनी हातात आलेला माईक त्यांनी तोंडापासून बरोब्बर चार बोटं लांब धरला.

"धाराशिवचा एक नंबर, एक नंबर," ते म्हणाले. "मागं माणूस नाही असं समजू नये. माणूस येत आहे."

हे त्यांनी नियमाप्रमाणं पुन्हा एकदा म्हटलं. मग माईक ठेवला, फेटा काढून मुख्याध्यापकांच्या मांडीवर ठेवला, शाल खुर्चीवर घातली आणि मैदान मधोमध ओलांडून इरफानच्या जाळीमागं जाऊन उभे राहिले. कुत्रं उठून गेलं.

 मंडपात मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, हा त्यांचाच गडी हाय की."

"शाल पांघरून बसला होता, आन् आपण चहा पाजला त्याला."

"एकदा न्हाय, दोनदा पाजला."

मुख्याध्यापक उठले. आता काही वादावादी होणार असं वाटून मी वही काढली. पण ते फेटा घेऊन स्वतः मैदान ओलांडून आले आणि काकांना म्हणाले, "कुणाचे का असेनात तुम्ही. बांधलेला फेटा आम्ही परत घेत न्हाय. वाका जरा." त्यामुळं उत्तरार्धात धाराशिवचा एकमेव प्रेक्षक उमरग्याचा फेटा बांधून उभा होता.

"काका, डोकं आमचं आन् तोंड त्यांचं, हे बरं न्हाय," मंडपातून आवाज आला. काकांनी त्याची नोंद घेतली नाही.

सामना संपायला थोडा वेळ असताना अकरा नंबर डावीकडं गेला. यावेळी चेंडूही तिकडंच आला. बरोबरी झाली. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते फक्त घड्याळात बघून म्हणाले, "वेळेत."

निकाल पेनल्टीवर गेला. चार चार फटक्यांनंतर तीन तीन अशी बरोबरी होती. आमचा पाचवा फटका बाहेर गेला. तो गणेशनं मारला, एवढं लिहून पुढं जातो. उमरग्याचा शेवटचा फटका इरफाननं अडवला तर आम्ही स्पर्धेत राहणार होतो.  काका इतका वेळ फटका मारणाऱ्याचे पाय बघत होते आणि त्यांची खात्री पटली होती.

"एक नंबर, एक नंबर," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "गाडी डावीकडून सुटेल. डावीकडून."

हा आवाज सबंध बसस्थानकाला ऐकू जाईल असा घडलेला आहे. फटका मारणारा मुलगा वीस पावलांवर होता आणि त्यालाही मराठी येत होतं. इरफान डावीकडं झेपावला. चेंडू उजवीकडून गेला.

परतीच्या वाटेवर नारळ फोडला आणि सगळ्यांनी खाल्ला.  जळकोट गेल्यावर इरफान मागून म्हणाला, "काका, ऐनवेळी फलाट बदलतो कधी कधी. सांगणाऱ्याची चूक नसती."

"माझ्या टायमाला कधी बदलला न्हाय," काका म्हणाले.

धाराशिवला उतरल्यावर त्यांची बॅग गाडीतच राहिली, म्हणून मी ती द्यायला घरी गेलो. तोवर त्यांच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. दार त्यांच्या धाकट्या भावजयीनं उघडलं. दर रविवारी ती येऊन बसते, हे मला तेव्हा कळलं. आतल्या खोलीत खिडकीशी काकूंची खाट होती. अंगावरून वारं गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून खाटेवरच, असं भावजय हळू आवाजात म्हणाली. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसत होती.

काका स्टुलावर बसले होते. पायातले बूटही काढले नव्हते.

"नळदुर्गच्या अलीकडं वड होता ना, तो काढला," ते सांगत होते.

"कुठला? टाकीजवळचा?"

"त्याच्या पुढचा."

"पुढचा चिंचेचा होता," काकू म्हणाल्या. "नीट बघत जावा. येणेगूरला ती शेंगावाली बसती का अजून?"

"तिची सून बसती. शेंगा त्याच. माप लहान केलंय."

"व्हय? सासूला आवडलं नसतं." मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "या, बसा. एकतीस वर्षं दुसऱ्यांना गाडीत बसवलं ह्यांनी. मला एकदा गाणगापूरला नेलं, तेबी उभ्यानं."

तुळजापूर, जळकोट, उमरगा असं सगळं सांगून झालं. फेट्याचं ऐकून काकू हसल्या, तेव्हा चेहऱ्याची एकच बाजू हसली. सामन्याचं त्यांनी अगदी शेवटी विचारलं.

"हरलो," काका म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी?"

"न्हाय. आता पावसाळ्यानंतर."

"बरं," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडं बघू लागल्या. काका बूट काढायला बाहेर गेले. त्यांना बराच वेळ लागला.

सोमवारी बातमी छापून आली. चार ओळी, निकालासह. मंगळवारी दुपारी कार्यालयात काकांचा फोन आला. 

"दुसऱ्या कुठल्या टीमला माणूस कमी हाय का?" त्यांनी विचारलं.

मी स्पर्धेचं वेळापत्रक काढलं. रविवारी तेरखेड्याचा संघ ईटला जाणार होता. त्यांच्या कप्तानाला फोन लावला. त्याला आधी काही समजेना. "आमच्यासोबत आमच्या घरचं बी कुणी येत न्हाय. तुमचा माणूस आमच्यासाठी कशाला वरडंल?"

"ते ओरडत नाहीत," मी म्हणालो. यापलीकडं मी काही सांगितलं नाही. पेनल्टीबद्दल तर मुळीच नाही. शेवटी तो तयार झाला. पुढची सीट देणार नाही, मागं कुठंतरी बसावं लागेल, अशी त्याची अट होती.

मी काकांना फोन करून कळवलं. त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि मग लांबून त्यांचा आवाज ऐकू आला. "येडशी, येरमाळा, तेरखेडा, ईट. येडशी, येरमाळा, तेरखेडा, ईट." त्यावर काकू काहीतरी म्हणाल्या. थोड्या वेळानं फोन त्यांच्या कानाशी धरला गेला असावा.

"त्या टीमवाल्यांना एक सांगा," काकू मला म्हणाल्या. "ह्यांना जाताना एका बाजूला बसवा आन् येताना दुसऱ्या. रस्त्याची एकच बाजू सांगतात दर वेळी."